तांब्याचे तीन वेढे

योगिनीने चिमट्याच्या टोकात तांब्याचा केसाएवढा तंतू धरला, हेडलाइटच्या रिंगच्या पायाशी आलेल्या वायरीभोवती एक, दोन, तीन असे वेढे घातले आणि उरलेलं टोक नेलकटरने तोडलं. मग सोल्डरिंग आयर्न टेकवलं. धुराची बारीक रेघ वर आली तसा तिने श्वास रोखून धरला. खिडकी बंद होती. काम काढलं की खिडकी लावून घ्यायची, समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांना काही दिसता कामा नये, असा घरात नियम होता. नियम करणारा माणूस त्या धुरात कधी बसलेला नव्हता.

ओट्यावर पोळ्यांच्या डब्याशेजारी गाडीच्या हेडलाइटची सुटी काच पालथी पडली होती. कणकेच्या परातीत स्क्रू होते. ओव्हनमध्ये दुसरा दिवा शेकत होता. हेडलाइटची काच काळ्या, डांबरासारख्या चिकट पट्टीवर बसवलेली असते. दिवा दहा मिनिटं मंद आचेवर ठेवला की पट्टी मऊ पडते आणि काच हाताने ओढून निघते. आत हौशी मालकांनी बसवून घेतलेल्या एलईडीच्या गोल रिंगा असतात. शोरूममधून निघालेल्या गाडीला त्या नसतात, म्हणून तर त्यांची हौस. पण ठाण्याहून कल्याणला चार वेळा जाऊन आलं की खड्ड्यांनी रिंगचे टाके सुटतात, अर्धी रिंग विझते, आणि एवढी लाखांची गाडी एक डोळा मिचकावत हिंडायला लागते. असे मिचकावणारे डोळे कळव्याला, खारेगाव नाक्यावरच्या साईनाथ मास्टरकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे यायचे. मास्टरने मारलेला टाका पुन्हा सुटत नाही, अशी ख्याती होती. ख्याती खरी होती. फक्त मास्टरने आयुष्यात एकही टाका मारलेला नव्हता.

शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की योगिनी केकच्या ऑर्डरी घेते. खोकी येत, खोकी जात, ओव्हन चालू असे, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. एकदा सान्वीने, त्यांच्या मुलीने, वाढदिवसाला आईच्या हातचा केक वर्गात न्यायचा हट्ट धरला. तेव्हा साईनाथने स्टेशनजवळच्या बेकरीतला केक आणून घरच्या डब्यात घालून दिला. त्या ओव्हनमध्ये डांबराचा वास इतका मुरला होता की त्यात शेंगदाणेसुद्धा भाजता आले नसते.

याची सुरुवात सहा वर्षांपूर्वीची. साईनाथ कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तो कारखाना बंद पडला आणि त्याने नाक्यावर गाळा घेऊन सीटकव्हर आणि हॉर्न विकायला ठेवले. पहिल्याच महिन्यात कोणीतरी बंद पडलेली रिंग आणून दिली. साईनाथने ती दुकानात जाळून काढली आणि संध्याकाळी काळाठिक्कर चेहरा करून घरी आणली. योगिनी लग्नाआधी मोहन्याहून रोज अंबरनाथला जाऊन विजेच्या मीटरचे टाके मारायची. पाच वर्षं तिने लाइनवर काढली होती. तिने अर्ध्या तासात रिंग पेटवून दिली आणि वर स्वतःच म्हणाली, "तुमचंच नाव सांगा. बाईने केलंय म्हटलं तर गाडी कोण आणेल?" हे वाक्य तिच्यावर कोणी लादलं नव्हतं. तिचंच होतं. मात्र साईनाथने ते इतक्या चटकन उचललं की पुढे परत मागायची सोय राहिली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा तो तिच्या कामावर ऐसपैस बसला.

लॅच वाजलं. सकाळचे साडेनऊ झाले होते, या वेळी साईनाथ दुकानात असायचा. तो चपला न काढता आत आला आणि स्टूल ओढून ओट्याला लागून बसला.

"चल, शिकव."

"काय?"

"ते तुझं तारेचं. सलिल बारा वाजता येतोय. त्याच्यासमोर करून दाखवायचंय."

योगिनीने आयर्न स्टँडवर ठेवलं. सलिल कोण हे तिला माहीत होतं. डोंबिवलीला एमआयडीसीत त्याचं जुन्या गाड्या नव्या करून देणारं मोठं वर्कशॉप होतं. काल संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा साईनाथने फुशारकीने स्पीकर लावला होता. सलिल म्हणाला होता, सहा महिन्यांपूर्वी तुमच्याकडून झालेला एक दिवा मी उघडून पाहिला. टाक्याच्या आधी तांब्याचे वेढे, आणि वायरीला जराशी ढील सोडलेली. असं मी कुठे पाहिलेलं नाही. ज्या हाताने हे केलंय त्या हातासाठी माझ्याकडे एक बाक रिकामा ठेवलाय. पण हात मला डोळ्यांनी बघायचाय.

तो बाक योगिनीच्या डोळ्यांसमोरून रात्रभर हलला नव्हता. बाकावर भिंगाचा दिवा असेल, धूर ओढून घेणारा पंखा असेल, आणि खिडकी उघडी असेल. तिथे कोणीतरी तिला नावाने हाक मारेल. तिला तो बाक हवा होता. इतकं स्पष्ट काही हवं असण्याची तिची सवय गेली होती, त्यामुळे पहाटेपर्यंत तिला स्वतःचीच भीती वाटत राहिली.

"दोन तासांत नाही येणार तुम्हाला," ती म्हणाली.

"तुला येतं म्हणजे काय रॉकेट सायन्स आहे? दे ती तार."

तिने तार दिली. पहिला तंतू तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्याचा वेढा बसायच्या आधी आयर्न वायरीच्या आवरणाला लागलं आणि जळकट वास सुटला.

"तारच भिकार आहे," साईनाथ म्हणाला. "आणि हा चिमटा. कुठून आणलास?"

नाचता येईना अंगण वाकडं. योगिनीने नवा तंतू सोलला, त्याच्या बोटांत दिला, आणि त्याचं मनगट ओट्यावर टेकवून ठेवायला सांगितलं. त्याचा हात जड होता. पण दहाव्या-बाराव्या खेपेला तीन वेढे कसेबसे बसले. टाका बोराएवढा झाला, तरी झाला. साईनाथने तो उजेडात धरून पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर मास्टरपणा परत आला.

"एवढंच ना?"

"आता रिंग जागेवर पक्की करायची. दोन ट्यूबांचा गोंद कालवून चार ठिकाणी थेंब द्यायचा आणि रात्रभर ठेवायचं."

"रात्रभर? तो माणूस काय माझ्याकडे मुक्कामाला येणारे?"

योगिनीने परातीतले स्क्रू वाटीत गोळा केले. एक ओट्याखाली गेला होता, तोही वाकून शोधला. मग पाठमोरी राहूनच म्हणाली,

"अहो, मी येऊ का? त्यांना हात बघायचाय ना. मी बसून करून दाखवते. तुम्ही सांगा, आम्ही दोघं मिळून करतो म्हणून."

साईनाथ हसला. त्याचं हसणं मोकळं होतं, हे जास्त वाईट होतं.

"आणि मग? तुला डोंबिवलीला पाठवू? दहा-अकरा बाप्यांच्या मधे बसवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. अगं, तू कोण आहेस? मीटरच्या लाइनवर टाके मारणारी बाई. अशा छप्पन असतात. गाड्या येतात त्या माझं नाव ऐकून येतात." तो उठला. गॅसच्या वर भिंतीकडे बोट करून म्हणाला, "तो तुझा पराक्रम अजून तिथे टांगलेला आहे, विसरू नकोस."

गॅसच्या वर खिळ्याला हेडलाइटची एक काच टांगलेली होती. आतून पांढरीधोप, पीठ भुरभुरल्यासारखी. चार वर्षांपूर्वी घाईच्या कामात योगिनीने रिंग पक्की करायला झटकन चिकटणारा सुपरग्लू वापरला होता. तिला तेव्हा माहीत नव्हतं की त्या गोंदाची वाफ होते, बंद दिव्यात ती कोंडते, आणि गरम झालं की काचेवर आणि आतल्या चकचकीत वाटीवर पांढरी होऊन कायमची बसते. घासली तर काच जाते, वाटीचा मुलामाही जातो. साईनाथने गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, घरी आला आणि ती काच खिळ्याला टांगली. "रोज पोळ्या करताना बघायची," म्हणाला. त्याने तेव्हा सगळं काही विचारलं होतं. डोळे कुठे होते, लक्ष कुठे होतं, माहेरी काय शिकवलं. काच पांढरी कशाने झाली एवढं मात्र विचारलं नाही. चार वर्षं ती काच त्याच्या नाकासमोर होती आणि त्याला ते अजून माहीत नव्हतं.

दारातून तो वळला.

"साडेबाराला चहा घेऊन ये दुकानात. घरातली बाई चहा घेऊन आली की बरं दिसतं. ती निळी साडी नेस. आणि बोटं झाक जरा."

बोटांवर आयर्नचे बारीक डाग होते. कोणी विचारलं तर साईनाथ सांगायचा, हिला बारा वर्षं झाली तरी पोळ्या भाजता येत नाहीत. लोक हसायचे. योगिनीही हसायची.

तिने चहा केला, थर्मासात भरला. निळी साडी नेसली. निघताना पर्समध्ये चिमटा टाकला आणि तांब्याच्या तारेचा एक तुकडा गुंडाळून ठेवला. आपण काय करणार आहोत हे तिने ठरवलं नव्हतं. पण साईनाथचा हात तिने सकाळी मनगटाला धरून पाहिला होता. तो फसणार होता. फसला की समोरचा माणूस विचारणारच, मग तो दिवा कोणी केला? त्या प्रश्नाच्या वेळी तिला जवळ उभं राहायचं होतं.

दुकानात पोचली तेव्हा साईनाथ बाकड्यावर वाकलेला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. सलिल त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनासारखं अडकवलेलं छोटं भिंग. त्याने आपल्याबरोबर दोन दिवे आणले होते. एक तो सहा महिन्यांपूर्वीचा, काच काढलेला. दुसरा कुठल्यातरी जुन्या पांढऱ्या गाडीचा, रिंग तुटलेला, परीक्षेसाठी.

"या वहिनी," सलिल म्हणाला. आवाज मऊ होता. "मास्टरांची परीक्षा चाललीय."

योगिनीने कप मांडले. जुना दिवा तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. आतले वेढे तिला भिंगाशिवाय दिसत होते. त्या दिवशी सान्वीला ताप होता, एक हात तिच्या कपाळावर ठेवून तिने एका हाताने तो चौथा वेढा... नाही, तिसराच. तिने कधी चौथा घातला नव्हता.

साईनाथने शेवटचा टाका मारला. सलिलने भिंग लावून पाहिलं, मग जुन्या दिव्यात पाहिलं, मग पुन्हा नव्यात.

"जरा जाड झालाय."

"समोर कोणी बसलं की हात असाच होतो, साहेब. घरी शांततेत करतो ना मी."

"बरं. रिंग हलतेय अजून."

"ती आता पक्की करतो."

"करा. मी गाडी सावलीत लावून येतो, सीट तापलीय." सलिल उठून बाहेर गेला.

तो वळणापलीकडे गेला तसा साईनाथने खालचा खण ओढला. मोबाइल कव्हरं, जुने फ्यूज, टेपचे तुकडे, आणि त्यात सुपरग्लूची एक ट्यूब. त्याने झाकण दाताने उघडलं आणि ट्यूब रिंगवर धरली. मग थांबला. बाहेर पाहिलं, आत पाहिलं, आणि खालच्या आवाजात योगिनीला विचारलं,

"हे चालेल ना?"

बारा वर्षांच्या संसारात त्याने पहिल्यांदा तिचं मत विचारलं होतं. विचारताना त्याच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत, खोटं कशाला बोला, विश्वास होता. लहान मुलाने रस्ता ओलांडताना हात धरावा तसा. योगिनीला त्या क्षणी त्याची कीव यायला हवी होती. जराशी आलीही. एक 'नको' पुरलं असतं. दिवा वाचला असता, तो वाचला असता, आणि उद्या सकाळी ती पुन्हा बंद खिडकीशी बसली असती.

"चालेल," ती म्हणाली.

तिला आनंद झाला. हा आनंद चांगला नव्हता हे तिला कळत होतं, तरी तो झाला आणि तिने तो होऊ दिला. साईनाथने अर्धी ट्यूब पिळली. रिंग चटकन धरली. "बघ, उगाच रात्रभर म्हणे," असं पुटपुटत त्याने काच बसवली, गरम हवेच्या गनने चारी बाजूंनी पट्टी तापवून दाबली आणि बॅटरीला वायर लावली. रिंग पेटली. गोल, अखंड, पांढरी शुभ्र. सलिल परत आला तेव्हा दिवा बाकड्यावर झळकत होता आणि साईनाथ हात पुसत होता.

"वा," सलिल म्हणाला. "राहू द्या पेटलेला. चहा घेऊ."

त्यांनी चहा घेतला. सलिलने चहाचं कौतुक केलं. साईनाथ बोलत सुटला. हात आपोआप कसा बसतो, ही देणगी असते, शिकवून येत नाही. सलिल ऐकत होता. योगिनी दिव्याकडे बघत उभी होती. आधी रिंगच्या खालच्या कडेला, जिथे गोंद जास्त पडला होता, तिथे काचेवर श्वास सोडल्यासारखा एक ठिपका आला. मग तो रुंदावला. वाटीच्या तळाशी चकाकी मंदावली. साईनाथ देणगीबद्दल बोलत होता तोवर पांढरेपणा काचेच्या मध्यापर्यंत चढला.

सलिलने कप खाली ठेवला.

"हे काय होतंय?"

साईनाथने मान वळवली. काचेवर पीठ भुरभुरलेलं त्याला दिसलं. असं पीठ त्याने चार वर्षं रोज जेवताना पाहिलं होतं. त्याने हळूहळू योगिनीकडे पाहिलं, आणि तिला कळलं की त्याला कळलं. चार वर्षांचा उशीर झाला, पण पक्कं कळलं.

योगिनी वाट बघत होती. आता तो प्रश्न येईल. पर्सचा बंद तिने बोटांनी सैल केला.

"काय लावलंत आत?" सलिलने विचारलं.

कितीही झालं तरी सहा वर्षं दुसऱ्याच्या कामावर उभा राहिलेला माणूस, पडायची सवय त्याला नव्हती.

"ही म्हणाली हे लाव," तो म्हणाला. "मी रात्रभर ठेवणारा माणूस आहे, साहेब. दोन ट्यूबांचा गोंद वापरतो. ही म्हणाली हे चालेल. विचारा तिला. म्हणालीस की नाही?"

दोघेही तिच्याकडे बघत होते.

"म्हणालीस ना?"

"हो," योगिनी म्हणाली.

"बघा. आणि हे पहिल्यांदा नाही. घरीपण अशीच एक काच घालवलीय हिने. स्वयंपाकघरात टांगून ठेवलीय मी, चला दाखवतो पाहिजे तर. सांग ना, घालवलीस की नाही?"

तेही खरं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर बोंबेतला प्रत्येक शब्द खरा होता. योगिनीने पर्स उघडली, चिमटा बाहेर काढला आणि बाकड्यावर ठेवला. शेजारी तारेची गुंडाळी ठेवली.

"त्या जुन्या दिव्यातले वेढे माझे आहेत. सगळे माझेच असतात. मला सुटा दिवा द्या, मी आत्ता करून दाखवते."

साईनाथ मोठ्याने हसला. "ऐका. आता मास्टर पण हीच."

सलिल हसला नाही. पांढरा पडलेला दिवा त्याने विझवला, हातात घेऊन उजेडात फिरवला.

"मग 'चालेल' असं का म्हणालात? माहीत होतं ना काय होणार ते."

खरं उत्तर तीन माणसांच्या दुकानात सांगण्यासारखं नव्हतं.

"त्यांनी विचारलं म्हणून," ती म्हणाली.

योगिनीने रिकामे कप उचलायला हात पुढे केला. सलिलने त्याच वेळी आपला कप तिच्याकडे सरकवला आणि त्याची नजर तिच्या बोटांवर थांबली. अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट. मोहरीएवढे तपकिरी डाग, काही जुने, एक आजचा, अजून लाल. मग त्याने साईनाथचे हात पाहिले. ते स्वच्छ होते. डाव्या करंगळीची अंगठी, कापलेली नखं. खिशातलं भिंग काढायची त्याला गरज पडली नाही.

तो पुन्हा योगिनीच्या चेहऱ्याकडे बघेल असं तिला वाटलं. आता बोलेल, आता नाव विचारेल. तिने कप धरलेला हात तसाच ठेवला. इतकी वर्षं झाकलेली बोटं तिने पहिल्यांदा झाकली नाहीत.

सलिल उठला आणि बाहेर गाडीकडे गेला.

"तोंड उघडायचं काही कारण होतं?" साईनाथ दातांमधून म्हणाला. "घरी चल, बघतो."

सलिल परत आला तेव्हा त्याच्या हातात एक मोठं खोकं होतं. वर सुतळी बांधलेली होती.

"काचेचं काही नाही, कुर्ल्याच्या भंगारात दुसरी मिळेल," तो साईनाथला म्हणाला. "बारा दिवे आहेत यात. बाकाचं राहू द्या तूर्त. तुमचं नाजूक काम आहे. वर्कशॉपच्या गडबडीत ते व्हायचं नाही. घरी शांततेत करता ना? तसंच चालू ठेवा. मला काम हवंय, बाकी तुमच्या घरात काय ते तुमचं."

साईनाथच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"एकदम बरोबर, साहेब. आणि हिला हात लावू देणार नाही, गॅरंटी."

साईनाथने खोकं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. सलिलने त्याच्या हातांना वळसा घातला, दोन पावलं पुढे आला आणि खोकं योगिनीच्या हातांवर ठेवलं.

"सांभाळून, वहिनी," त्याच मऊ आवाजात तो म्हणाला. "शनिवारी माणूस पाठवतो."

खोकं चांगलंच जड होतं. तिने ते घेतलं.